मदत हवी आहे : दीर्घायुष्यातला भूगोलाचा वाटा वेगळा कसा काढावा?

नमस्कार. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या वार्षिक अंकासाठी प्रदेश आणि आयुर्मान या विषयावर लेख लिहीत आहे. लेख एका मुद्द्यापाशी अडला आहे, तरी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

अडचण जपानच्या दोन प्रांतांमुळे निर्माण झाली. ओकिनावातील लोकांच्या दीर्घायुष्याचे श्रेय तेथील उबदार सागरी हवामानाला सर्रास दिले जाते. परंतु पुरुषांच्या आयुर्मानात हा प्रांत २००० साली देशातील ४७ प्रांतांमध्ये २६व्या आणि २०२० साली ४३व्या क्रमांकावर घसरला. बेटे तीच आणि हवाही तीच. बदलले ते ताट आणि पायी चालणे. उलट नागानो हा समुद्रकिनारा नसलेला, कडाक्याच्या थंडीचा डोंगराळ प्रांत. हिवाळ्यात ताजी भाजी मिळत नसल्याने नोझावाना नावाचा पाला मिठात मुरवून घरोघरी साठवला जाई आणि पक्षाघाताने मरणाऱ्यांचे प्रमाणही मोठे होते. म्हणजे तेथे भूगोल आयुष्य घटवतच होता, असे म्हणावे लागेल. पुढे गावोगावच्या आरोग्य स्वयंसेवकांनी घरोघरी जाऊन मिसो सूपमधले मीठ मोजण्यापर्यंत चिकाटी दाखवली, आणि २०१० साली स्त्री व पुरुष दोघांच्याही आयुर्मानात नागानो देशात पहिला आला.

एवढ्यावरून भूगोल गौण ठरवावा, तर इटलीचे सार्डिनिया बेट आडवे येते. जियान्नी पेस आणि मिशेल पूलँ या संशोधकांनी नोंदी तपासून दाखवलेल्या तेथील डोंगरी पट्ट्यात शंभरी गाठणारे पुरुष जवळजवळ स्त्रियांइतकेच आहेत, आणि गावाच्या जमिनीचा उतार व मेंढपाळी यांचा पुरुषांच्या दीर्घायुष्याशी संबंध आढळला आहे. मात्र मैदानातील मलेरियामुळे शतकानुशतके डोंगराला धरून राहिलेल्या या लोकांचे विवाहसंबंधही बहुतांशी आपसांतच होत. मग उताराचा परिणाम कोणता आणि रक्ताचा कोणता, हे कसे ठरवायचे? गाव सोडून सपाटीवर गेलेल्या कुटुंबांची मागे राहिलेल्यांशी तुलना करणे पुरेसे आहे का, की धडधाकट माणसेच स्थलांतर करतात म्हणून ती तुलना मुळातच फसवी ठरते? लोकसंख्याशास्त्र किंवा साथरोगशास्त्र शिकलेल्यांनी यावर लिहिल्यास फार उपयोग होईल.

एक विनंती : शतायुषींचे गाव म्हणून गाजलेल्या इक्वादोरमधील विल्काबाम्बाचे उदाहरण कृपया देऊ नये. १९७०च्या दशकात तेथील वयांची छाननी झाली, तेव्हा शंभरी गाठलेली एकही व्यक्ती सापडली नाही.