आईबाबांच्या हातातला मोबाइल काढून घ्यायचा का?

बजाजनगरकर:
आमच्या अपार्टमेंटच्या ग्रुपवर फतवा निघाला: साठीनंतर मोबाइल कमी करा, विसरभोळेपणा येतो. साफ नामंजूर! बेंज आणि स्कलिन या अमेरिकन संशोधकांनी 2025 मध्ये 57 अभ्यास एकत्र तपासले, चार लाखांवर मध्यमवयीन आणि म्हातारी माणसं. फोन-कॉम्प्युटर वापरणाऱ्यांत बुद्धी मंदावण्याचं प्रमाण कमीच निघालं. माझे बाबा गोळ्यांचा गजर, वीजबिल, नातवाची ट्रेन कुठवर आली, सगळं फोनवर पाहतात. चालतंय ते डोकं थांबवायचं कशाला?

काहून_भाऊ:
अन् उलटं असंल तर? ज्याचं डोकं चालते तोच नवं ॲप शिकते. ज्याले विसर पडून राहिला, तो फोन हातातच घेत नाही.

बजाजनगरकर:
शंका रास्त. शिक्षण, उत्पन्न, तब्येत हिशेबात धरूनही फरक उरला होता. पण फोनमुळेच हे होतं असं सिद्ध झालेलं नाही, मान्य.

खामलावाली:
दिवसाचं सोडा, रात्रीचं बोला. आमच्या सासूबाई कूलरसमोर आडव्या होतात आणि एक वाजेपर्यंत रील्स. आवाज फुल्ल! दिवसा शिकलेलं गाढ झोपेत पक्कं होतं, मेंदू तेच धडे पुन्हा गिरवतो. वय वाढतं तशी गाढ झोप आधीच कमी, त्यात हे. ब्रिटनच्या व्हाइटहॉल अभ्यासात सुमारे 8 हजार लोकांवर 25 वर्षं लक्ष ठेवलं. पन्नाशीपासून सत्तरीपर्यंत सतत सहा तास किंवा कमी झोपणाऱ्यांना डिमेन्शियाचा, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा, धोका सुमारे 30 टक्के जास्त.

काहून_भाऊ:
मंग लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या 2024 च्या यादीत झोप काहून नाही? डिमेन्शियाची टाळता येणारी 14 कारणं दिली हायेत, बहिरेपणापासून प्रदूषणापर्यंत. झोप नाही.

खामलावाली:
कारण आजार सुरू होतानाच झोप बिघडते, आधी काय आणि नंतर काय ते सुटत नाही. म्हणून जागरण करायचं का भाऊ?

नीटवाल्याची_आई:
आमच्याकडे म्हातारे नऊला झोपतात. पोरगा दोनपर्यंत व्हिडिओ लेक्चर बघतो आणि सकाळी टेस्टमध्ये कोरा. त्याला कोण सांगणार?

बजाजनगरकर:
रात्रीचं खामलावालींचं पटलं. बाबांचा फोन आता रात्री बैठकीत चार्जिंगला, उशाशी वही. स्कलिनच्याच 2018 च्या प्रयोगात उद्याची कामं लिहून काढणारे, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा सुमारे 9 मिनिटं लवकर झोपले.

काहून_भाऊ:
अन् सकाळच्या गोळीचा गजर? तो बैठकीत वाजंल, बाबा आत.

बजाजनगरकर:
आवाज वाढवून ठेवलाय. पहिल्या दिवशी शेजारचे उठले.