डॉ. डोरोथी फेरेबींच्या जन्मदिनी बागेत आरोग्य शिबिर: कसं आखावं?

कातळसडा:
१० ऑक्टोबर हा डॉ. डोरोथी फेरेबी यांचा जन्मदिवस (१८९८). १९२४ साली अमेरिकेतल्या टफ्ट्स वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या, पण कृष्णवर्णीय बाई म्हणून गोऱ्यांच्या इस्पितळांनी इंटर्नशिप नाकारली. पुढे १९३५ ते १९४२ या काळात अल्फा कप्पा अल्फा या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या संघटनेच्या 'मिसिसिपी हेल्थ प्रोजेक्ट'ची (मिसिसिपी राज्यातल्या गरीब कृष्णवर्णीय कुळांसाठीचं आरोग्यकाम) वैद्यकीय धुरा त्यांनी सांभाळली. आमच्या वाचनालयात (देवगड तालुका) फोटोला हार आणि तासभर भाषण, एवढ्यावर भागवायचं नाही. हापूसच्या बागांतल्या नेपाळी कुटुंबांची तपासणी आणि मुलांचं लसीकरण करायचं मनात आहे. शाळेत ठेवावं की ग्रामपंचायतीच्या सभागृहात? आणि मूळ प्रकल्पातून नेमकं काय उचलावं?

गडनदी:
दोन्हीकडे नको. बागेत जा.

१९३५ च्या उन्हाळ्यात मिसिसिपीतल्या होम्स काउंटीत (जिल्ह्यात) ठरलेल्या ठिकाणी दवाखाना लावायचा, असाच बेत होता. कापसाच्या मळेवाल्यांना धास्ती, की वॉशिंग्टनहून आलेल्या या शिकलेल्या बाया आपल्या कुळांना काहीबाही शिकवतील. त्यांनी माणसं सोडलीच नाहीत. मग फेरेबींनी सामान मोटारींत भरलं आणि दवाखानाच मळ्यावर नेला. मोटारी हाताशी होत्या त्याचंही कारण वर्णभेदच: रेल्वेची तिकिटं मिळेनात म्हणून सगळ्या जणी आपापल्या गाड्या हाकत आल्या होत्या. देवी आणि घटसर्पाच्या लसी मुलांना तिथेच टोचल्या. मालकाची हत्यारबंद माणसं बाजूला उभी राहून बोलणं ऐकत.

कमकुवत बाजूही सांगतो, कारण स्मरणाच्या भाषणात ती नेहमी गळते. काम उन्हाळ्यातले काही आठवडेच चाले. आहाराबद्दल बाया जीव तोडून सांगत, पण कुळांच्या दारापर्यंत कापूस लावलेला. भाजीचा वाफा काढणार कुठे? आणि मालकाच्या परवानगीवर सगळं अवलंबून म्हटल्यावर मजुरीचा विषय काढायची सोय नव्हती. तुमच्या शिबिरातही हीच तीन भोकं पडणार.

निवती_किनारा:
गडनदीदादांशी सहमत. बागेतच जावक व्हया.

पण ताई, तारीख बदला. दशैं आणि तिहार (नेपाळी दसरा-दिवाळी) घरी करून मगच निघणारी कुटुंबं बरीच असतात. १० ऑक्टोबरला अर्ध्या खोपी रिकाम्या मिळतील. त्या दिवशी व्याख्यान करा, शिबिर दिवाळीनंतर दोन-तीन आठवड्यांनी. वेळ दुपारी चार ते साडेसहा. सकाळी बेणणी (तण काढणं) चालू असते, आणि रात्रीच्या राखणीचा माणूस सकाळी झोपलेला असतो.

मालकाला आधी सांगा, नाहीतर गेटच उघडणार नाही. मात्र तपासणीची जागा खळ्यापासून लांब, झाडाआड घ्या. मालक किंवा मुकादम शेजारी बसला की फवारणीनंतर चक्कर आली, उलटी झाली, हे कोणी बोलत नाही. मालकाला चहा द्यायला वाचनालयाचा एक गप्पिष्ट सभासद नेमा, हे मी गंभीरपणे सांगतोय. दुभाषी म्हणून मुकादम नको; बायकांचं ऐकायला दुसऱ्या बागेतली हिंदी येणारी बाई बघा.

आगरवाट:
लसीकरणाचं सांगते. लस वाचनालयाने आणायची वस्तू नाही. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना महिनाभर आधी पत्र द्या, म्हणजे सिस्टर आपल्या नियोजनात बाह्य सत्र (केंद्राबाहेर जाऊन लसीकरण) धरतील. आशाताईंकडून बागेगणिक पाच वर्षांखालच्या मुलांची यादी आधीच करून घ्या.

कॅरियरमधले (लस नेण्याच्या थंड पेटीतले) आइसपॅक फ्रीझरमधून काढून लगेच भरू नयेत. हलवल्यावर आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला की मगच. घाई केली तर पेंटा (पाच रोगांवरची एकत्र लस) आणि टीडी (धनुर्वात-घटसर्पाची लस) गोठतात, आणि गोठलेली लस बाद. गोवर-रुबेलाची कुपी पाण्यात मिसळल्यावर चार तासांत संपवायची, उरली तर टाकायची. टोचल्यावर अर्धा तास मूल नजरेसमोर.

खरी गफलत कार्डावर होते. नेपाळी कार्डावरच्या तारखा बहुधा विक्रम संवतात असतात, पण आपल्या कालनिर्णयात दिवाळीच्या पाडव्याला बदलणारा तो संवत नव्हे. नेपाळचं वर्ष एप्रिलच्या मध्याला सुरू होतं आणि महिने सौर. बैशाखपासून पौषाच्या मध्यापर्यंत ५७ वजा करा, तिथून चैत्रअखेर ५६. म्हणजे २०८१ चा मंसिर हा नोव्हेंबर-डिसेंबर २०२४. हे न कळल्यामुळे 'तारीख चुकीची' म्हणून कार्ड बाजूला पडतं आणि झालेले डोस पुन्हा टोचले जातात. मधले डोस राहिले असतील तर पहिल्यापासून सुरुवात नाही, राहिलेले पुढे चालू.

कातळसडा:
तारीख बदलली. मोठ्यांचं रक्तदाब, हिमोग्लोबिन एवढंच ठेवावं का?

गडनदी:
रक्तदाब घ्या, पण कातळ चढून आलेल्याला लगेच पट्टा बांधू नका. पाच मिनिटं पाठ टेकून बसवा, दंड छातीच्या पातळीला, आधीच्या अर्ध्या तासात बिडी-चहा नको. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांचा दंडघेर मोजा, ११.५ सेंमीच्या खाली आलं की मूल त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं, 'पुढच्या वेळी बघू' नाही. फवारणी करणाऱ्यांना विचारा: पंप कोण धुतो, औषधाचे कपडे कुठे धुतात, रिकामे डबे पाण्याला वापरतात का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर खोपीत नजर टाकली तरी मिळतं.

आगरवाट:
आणि पाठपुरावा, जिथे मिसिसिपीतही अडलं. मे अखेर ही कुटुंबं परत जातात. यादीची एक प्रत आशाताईंकडे, एक उपकेंद्रात. कार्डावर पुढच्या डोसची तारीख इसवी सन आणि विक्रम संवत दोन्हीत लिहा, म्हणजे तिकडच्या नर्सलाही वाचता येईल. कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून आईच्या हातात द्या, मुकादमाकडे नाही. त्याने बाग बदलली की कार्डंही त्याच्याबरोबर जातात.