मदत हवी आहे: बाबांची तंबाखू सुटली, आईची सुटेना

वैतागलेली_लेक: दिवाळीत दोघांना एकच निकोटीनचा च्युइंगम आणून दिला. बाबांचं दोन महिन्यांत सुटलं. आईचं जैसे थे. वर बाबा रोज ऐकवतात, "मला जमतं, तुला का नाही?" बायकांच्या मेंदूत काही वेगळं असतं का? की गमच बदलायचा? लवकर सांगा, रविवारी गावी जायचंय.

खडूस_काका: आई सिगरेट ओढतात का? दिवसाला किती?

वैतागलेली_लेक: सिगरेट कसली काका, साताऱ्याकडची आई आहे माझी! मशेरी.

खडूस_काका: मग तसं लिहा की, आम्हाला काय स्वप्न पडतं? बाकी निश्चय लागतो, दुसरं काही नाही. मी १९९८ साली पुडी गटारात फेकली ती फेकलीच.

रात्रपाळी_सिस्टर: काका, निश्चयाने सगळं झालं असतं तर आमचा वॉर्ड ओस पडला असता.
लेक, तुमची शंका खुळी नाही. येल विद्यापीठातल्या लोकांनी माणसांना स्कॅनरमध्येच सिगरेट ओढायला लावून डोपामाइन, म्हणजे मेंदूतलं चटक लावणारं रसायन, कुठे वाढतं ते पाहिलं, २०१४ साली छापून आलं. पुरुषांत ते मेंदूच्या 'मजा आली, आणखी हवं' म्हणणाऱ्या भागात झटकन वाढलं. बायकांत तिथे जेमतेम. त्यांच्यात सवयीशी जोडलेला दुसराच एक भाग आधी जागा झाला. गम आणि पट्ट्या बायकांना पुरुषांपेक्षा कमी लागू पडतात, हेही बऱ्याचदा दिसलंय. पण येलमधली माणसं मोजकी आणि सगळी सिगरेटवाली, मशेरीला जसंच्या तसं चिकटवू नका. आईंचं वय? पाळी चालू आहे?

वैतागलेली_लेक: त्याचा काय संबंध?? ५६. पाळी केव्हाच गेली.

रात्रपाळी_सिस्टर: आहे संबंध. इस्ट्रोजेनमुळे, म्हणजे पाळी असेपर्यंत भरपूर असणाऱ्या बायकांच्या संप्रेरकामुळे, बायकांचं यकृत निकोटीन भराभर निकालात काढतं. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर आणखी लवकर, गरोदरपणात तर फारच. पाळी गेल्यावर हा फरक जवळजवळ राहत नाही, म्हणजे आईंच्या बाबतीत ते कारण बाद. मशेरी कधी लावतात? गम कधी?

कोकणचा_बाळ्या: आमची ही म्हणते गुटखा सोडा. २०१२ पासून बंदी आहे म्हणे राज्यात. टपरीवर माळा लटकतायत त्या काय तोरणं आहेत?

वैतागलेली_लेक: पहाटे उठल्या उठल्या. मागच्या पडवीत उकिडवी बसते, डबीतली बोटावर घेते, अर्धा तास दातांवर फिरवत राहते. त्याशिवाय पोट साफ होत नाही म्हणते. गम मग चहाबरोबर. तिखट लागतो म्हणून पटापट चावते, लाळ गिळते, नंतर उचक्या.

रात्रपाळी_सिस्टर: हे आधी सांगायचं ना! चहाने तोंड आंबट होतं, निकोटीन गालातून आत जातच नाही. गमच्या आधी पंधरा मिनिटं आणि तो तोंडात असेपर्यंत चहा नको. थोडा चावायचा, चुरचुरलं की गालात दाबून ठेवायचा, चुरचुर थांबली की परत चावायचा. गिळलं की वाया, वर उचक्या. बाबा कसा खायचे?

वैतागलेली_लेक: ते गालात धरून बसतात. अरे देवा. तंबाखूचा बार धरायची सवय!

रात्रपाळी_सिस्टर: झालं तर. त्यांना कुणी शिकवावंच लागलं नाही. आईंना मेंदूपर्यंत निकोटीन पोचलंच नसेल, मग बाई-पुरुष फरक कुठला मोजणार?

आजीबाईचा_बटवा: त्रिफळा द्या रात्री कोमट पाण्यातून. पोट साफ झालं की मशेरीची आठवणही येणार नाही. आमच्या सासूबाईंचं असंच सुटलं.

खडूस_काका: सासूबाईंनी सोडली की तुमच्यासमोर लावायची सोडली?

आजीबाईचा_बटवा: काका, तुम्ही गटाराकडेच लक्ष द्या.

रात्रपाळी_सिस्टर: पोटाचं मात्र खरं आहे, निकोटीनने आतडी हलतात. सोडल्यावर काही दिवस कोठा जड राहतो, हे आईंना आधीच सांगून ठेवा. १८००-११-२३५६ वर फोनही करता येईल, फुकट आहे. घरात मशेरी भाजायचा तवा अजून आहे का?

वैतागलेली_लेक: आहे. धाकट्या काकूला आईच भाजून देते. वासाने सगळ्यांना ठसका लागतो, तिला नाही. पण ती काकूसाठी असते हो.

रात्रपाळी_सिस्टर: रविवारी तवा काकूंकडे पोचता करा.

कोकणचा_बाळ्या: त्रिफळा किती चमचे?