मदत हवी आहे: 'डिसआर्म'ला प्रसंगानुसार मराठीत काय म्हणाल?

नमस्कार मंडळी,

पुण्यातल्या एका दिवाळी अंकासाठी एका मोठ्या इंग्रजी लेखाचं भाषांतर करते आहे. सशस्त्र संघटना लढाई थांबवतात तेव्हा त्यांच्या शस्त्रांचं पुढे नेमकं काय होतं, असा विषय आहे. मजकूर गणपतीच्या आत संपादकांच्या हाती द्यायचा आहे आणि 'डिसआर्म' या एका क्रियापदापाशी सारखी अडते आहे.

'निःशस्त्र करणे' हा कोशातला शब्द ठाऊक आहे, त्यामुळे कृपया तेवढाच सुचवू नका. अडचण त्याच्या पुढची आहे. इंग्रजीत हे क्रियापद दोन्हीकडे चालतं. दुसऱ्याची शस्त्रं काढून घेतली तरी तेच, आणि एखाद्या गटाने किंवा देशाने आपली आपण सोडली तरी तेच. मराठीत मात्र 'त्यांना निःशस्त्र केलं' म्हटलं की समोरचा हतबल झाला, असाच अर्थ मनात उतरतो. ज्यांनी वाटाघाटी करून शस्त्रं ठेवली त्यांच्यावर हा अन्याय आहे, असं मला मनापासून वाटतं.

लेखातलं कोलंबियाचं उदाहरण बघा. तिथल्या 'फार्क' संघटनेने 2016 च्या करारानंतर 2017 मध्ये आपली शस्त्रं संयुक्त राष्ट्रांच्या पथकाकडे दिली. आम्ही शस्त्रं सोडतो आहोत, सरकारच्या स्वाधीन करत नाही, हा त्यांचा आग्रह होता आणि करारातली शब्दयोजनाही तशीच झाली. तिथे मी 'निःशस्त्र केलं' लिहिलं तर त्यांनी जे निक्षून नाकारलं तेच मी त्यांच्या माथी मारते.

नेपाळचं त्याहून अवघड. 2006 च्या शांतता करारानंतर माओवाद्यांची शस्त्रं छावण्यांमध्ये कंटेनरमध्ये ठेवली गेली. देखरेख संयुक्त राष्ट्रांची, पण कुलपाच्या किल्ल्या माओवाद्यांकडेच! आता याला काय म्हणायचं? शस्त्रं काढून घेतली नाहीत, टाकूनही दिली नाहीत. मूळ लेखकाने सरळ 'डिसआर्म' लिहिलं आहे आणि त्याचं त्यात निभावलं आहे.

उलट टोकाला 1857. लाहोरजवळच्या मियाँ मीर छावणीत 13 मे रोजी देशी पलटणींना कवायतीच्या मैदानावर उभं केलं, समोर तोफा रोखल्या आणि बंदुका खाली ठेवायचा हुकूम दिला. शिपायांनी त्या आपल्याच हातांनी ठेवल्या, पण म्हणून 'शस्त्रं खाली ठेवली' एवढंच लिहिणं मला पटत नाही. इथे 'ठेवायला लावली' हे आपलं प्रयोजक रूप चपखल बसतं असं वाटतं. तुमचं मत?

बाकी दोन ठिकाणं किरकोळ आहेत. एका वाक्यात सुरुंग 'डिसआर्म' केला आहे. दुसऱ्यात वाटाघाटींना आलेल्या कमांडरचं हसू 'डिसआर्मिंग' आहे. 'निःशस्त्र करणारं हास्य' मी लिहिणार नाही, एवढं नक्की.

प्रतिसाद १

सुरुंगाला 'निकामी करणे', दुसरा विचारही करू नका. फक्त एक काळजी घ्या. स्फोटक जागेवरच नियंत्रित स्फोट घडवून उडवलं असेल तर ते 'नष्ट केलं', 'निकामी केलं' नव्हे. पोलिसांच्या पथकाचं नावसुद्धा बॉम्बशोधक व नाशक पथक आहे. बातम्यांमध्ये या दोन्हींची सर्रास सरमिसळ होते, तुमच्या अंकात होऊ नये. घरातल्या चोरघंटेला नुसतं 'बंद करणे' पुरेल. ड्रोनवाली मुलं मात्र मोटरी 'डिसआर्म कर' असंच म्हणतात, तिथे मराठी शब्द शोधत बसू नका.

प्रतिसाद २

नेपाळसाठी 'जमा करणे' चालेल का बघा. निवडणुकीची आचारसंहिता लागली की पुण्यातही परवानाधारकांना शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा करायला सांगतात. मालकी त्यांचीच राहते, निवडणूक उरकली की शस्त्र परत मिळतं. 'जप्त' म्हटलं की गुन्हा आला, 'जमा' म्हटलं की नुसता ताबा बदलला. किल्ल्या माओवाद्यांकडेच होत्या म्हणताय, मग 'देखरेखीखाली कुलूपबंद केली' हेही जोडा. वाक्य लांबेल, लांबू द्या.

प्रतिसाद ३

द्रोणाचार्य आठवा. त्यांच्या हातातून धनुष्य काढून घेण्याची कोणाची छाती नव्हती. अश्वत्थामा गेल्याचं कानावर पडलं आणि त्यांनी ते स्वतःच खाली ठेवलं. त्यासाठी आपल्याकडे 'शस्त्रत्याग' आणि 'शस्त्र खाली ठेवणे' पिढ्यान् पिढ्या आहेत. कोलंबियाला 'शस्त्रं खाली ठेवली' द्या. 'शरणागती' आणि 'आत्मसमर्पण' दोन्ही टाळा, त्यात हार मानल्याचा अर्थ येतो. 'शस्त्रसंधी' तर मुळीच नको. त्यात लढाई थांबते, शस्त्रं हातातच राहतात.

हसण्याचं वाक्य मोडून लिहा: 'तो असा हसला की समोरच्यांचा ताठा उतरला.' विशेषणाला विशेषणच हवं हा हट्ट कशाला?

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. 'जमा' मला सुचलंच नसतं! नेपाळच्या परिच्छेदात 'शस्त्रं छावणीतच जमा करून देखरेखीखाली कुलूपबंद केली' असं लिहिलं आहे. कोलंबियाला 'खाली ठेवली', मियाँ मीरला 'ठेवायला लावली'. हसण्याचं वाक्य प्रतिसाद ३ प्रमाणे मोडलं, आता ते मराठी वाटतं. सुरुंगाचं मूळ वाक्य पुन्हा वाचलं. त्याची कळ काढून तो उचलून नेला आहे, म्हणजे 'निकामी'च.

आता एकच राहिलं. या साऱ्या प्रक्रियेचं नाव लेखाच्या शीर्षकात आहे. 'निःशस्त्रीकरण' म्हटलं की आपल्या वाचकाला अण्वस्त्रं आणि महासत्तांच्या परिषदा आठवतात, जंगलातून बाहेर आलेला, खांद्यावरची बंदूक उतरवणारा पोरगा नाही. 'शस्त्रविसर्जन' कसं वाटतं? गणपतीच्या दिवसांत ते जरा जास्तच उत्सवी होईल अशी संपादकांना धास्ती आहे, मला ते आवडलं आहे. शुक्रवारपर्यंत सांगा.