वर्दी दिली की पावती फाडायची का?

गच्चीवरून (धागाकर्ता)

आमच्या सोसायटीला अग्निशमन सेवा शुल्काची नोटीस आली आणि तेव्हापासून ग्रुपवर रण माजलंय. निम्मे म्हणतात, मालमत्ता कर भरतो मग हे कशाला. निम्मे म्हणतात, भरून टाका, कटकट नको. त्यात एकाने नवीनच पिल्लू सोडलं: वार्षिक शुल्क बंद करा आणि ज्याच्याकडे आग लागेल त्याला बंबाचं बिल पाठवा. त्याला भराभर अंगठे मिळाले. म्हणून हा धागा.

माझं मत सरळ आहे. ज्याच्या घरात आग लागलीय किंवा ज्याच्या वडिलांच्या छातीत कळ आलीय, त्याच्याकडून त्या घटनेपोटी महापालिकेने रुपयासुद्धा घेऊ नये. ना त्या वेळी, ना महिन्याने बिल धाडून. वर्दी द्यायला, म्हणजे दलाला फोन करून कळवायला, पैसे पडतात हे एकदा डोक्यात बसलं की माणूस आधी स्वतःच बादल्या ओतत बसणार.

वर्षाकाठी इमारतीकडून, हॉटेलाकडून, गोदामाकडून काय घ्यायचं ते घ्या, पण आधी जे घेतलंय त्याचा हिशेब द्या. पुण्याच्या मालमत्ता कराच्या बिलात अग्निशमन कराची वेगळी ओळ आहे. मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यात सर्वसाधारण कराबरोबरच आगीसाठीचा वाटा धरलाय. इमारत उभी राहताना बिल्डर अग्निशमन दलाकडे पैसे भरतो, ते फ्लॅटच्या भावात येतातच. त्यावर महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ ने वार्षिक शुल्काची सोय करून ठेवलीय. मुंबईत २०२१ साली हेच शुल्क २०१४ नंतरच्या इमारतींकडून मागच्या तारखेने वसूल करायचं ठरलं, गदारोळ झाला आणि स्थगिती द्यावी लागली. इतकी वर्षं वसूल करायला विसरले हे, आणि भुर्दंड रहिवाशाला.

रुग्णवाहिकेचं उदाहरण समोर आहेच. १०८ राज्यात २०१४ पासून आहे, सुरुवातच ९३७ गाड्यांनी झाली, आत डॉक्टर, आणि सेवा सगळ्यांना मोफत. कुणी रेशनकार्ड विचारत नाही.

हिशेबनीस

मोफत काहीच नसतं हो. १०८ चे पैसे सरकार ठेकेदाराला मोजतं, म्हणजे तुम्ही-आम्हीच मोजतो, फक्त पावती दिसत नाही.

आता आगीचं. मुंबईच्या दलाने ९० मीटरची शिडी घेतली ती लालबागच्या चाळीसाठी नाही, टॉवरसाठी. चाळीतल्या भाडेकरूने तिच्यासाठी का भरावं? केंद्राने २०२३ साली ५,००० कोटींची योजना आणली ती दलांच्या विस्तारासाठी आणि आधुनिकीकरणासाठी. जवानांचे पगार महापालिकेच्याच बोडक्यावर आहेत. जकात गेली, तिच्या जागी आलेला एलबीटी (स्थानिक संस्था कर) गेला, आता जीएसटीच्या भरपाईकडे डोळे लावून बसायचं. अशा महापालिकेने शुल्क लावलं तर लगेच लूट?

आणि बिलाबद्दल. मुंबईत कमला मिलमधल्या पबच्या आगीत डिसेंबर २०१७ ला १४ जीव गेले. गच्चीवर ताडपत्र्या आणि बांबू घालून धंदा करणाऱ्यांसाठी किती बंब, किती टँकर, किती तास लागले? तो खर्च धंदेवाल्याकडून का नाही वसूल करायचा? घरगुती आगीला माफी द्या, मला मान्य आहे. पण निष्काळजीपणा सिद्ध झाला तर पै-पै वसूल झाली पाहिजे.

माजी_तांडेल

दलात आयुष्य गेलं म्हणून लिहितो. पैसे आम्ही आधीपासून घेतोच, लोकांना माहीत नसतं एवढंच. शूटिंगला किंवा मोठ्या मंडपाला बंदोबस्ताला गाडी उभी केली तर पैसे. पावसात कुणाच्या तळघरातलं पाणी उपसलं तर पैसे. विम्यासाठी आगीचा दाखला हवा तर त्याची फी. हद्दीबाहेरच्या वर्दीला शुल्क. हद्दीतल्या आगीला मात्र नाही, आणि ते तसंच राहिलं पाहिजे.

हिशेबनीस साहेब, तुमचं "निष्काळजीपणा सिद्ध झाला तर" कागदावर छान दिसतं. कारखान्यात आग लागली की वॉचमन आधी सुपरवायझरला फोन करतो, सुपरवायझर मॅनेजरला, मॅनेजर मालकाला. मालक विचारतो, "आपल्याआपण आटपतंय का बघा." त्यात पंधरा-वीस मिनिटं जातात. आम्ही पोचतो तेव्हा पत्रा लाल झालेला असतो. आत्ता, पैसे लागत नसताना हे हाल आहेत. बिल येणार म्हटल्यावर मालक काय करेल ते सांगायला नको. ती उशिराची वीस मिनिटं आमच्या पोरांच्या अंगावर येतात. २०१५ ला मुंबईत काळबादेवीच्या गोकुळ निवासाच्या आगीत दलाचे चार वरिष्ठ अधिकारी गेले. आत शिरणाऱ्याला विचारा, वर्दी लवकर यावी की उशिरा.

लॅचवाली

तांडेलकाका, मग लॅच लागली म्हणून बोलावणाऱ्यांकडून तरी घ्या की. आमच्या मजल्यावर एका बाईंची लॅच सारखी लागते आणि दर वेळी शिडी लावून गॅलरीतून जवान आत. चावीवाला पाचशे मागतो म्हणून यांना बोलवायचं!

माजी_तांडेल

ताई, राग समजतो. पण फोनवर "लॅच लागलीय" एवढंच कळतं. आत दोन वर्षांचं पोर आहे आणि गॅसवर दूध ठेवलंय हे बऱ्याचदा दारात गेल्यावर कळतं. पैसे ठेवले तर त्या पोराची आईही आधी चावीवाला शोधत फिरेल. वारंवार बोलावणाऱ्याला समज द्या, नोटीस द्या, ते वेगळं.

उसाच्या_फडातून

शहरातल्या लोकांचा वाद वाचून मजा वाटली. आमच्याकडे बंबच नाही, शुल्क कसलं घेऊन बसलाय.

अग्निशमन ही महाराष्ट्रात नगरपालिका-महापालिकांची जबाबदारी. मुंबई, पुण्याची दलं मोठी, तालुक्याच्या नगरपरिषदेकडे एखादी जुनी गाडी, आणि ग्रामपंचायतीकडे काहीच नाही. कडब्याच्या गंजीला किंवा उसाला आग लागली की पहिला फोन साखर कारखान्याला जातो, कारण त्यांच्याकडे बंब असतो. नगरपरिषदेची गाडी बोलावली तर ती हद्दीबाहेर, म्हणजे पैसे. मागच्या उन्हाळ्यात आमच्या वस्तीवर गोठा पेटला तेव्हा पलीकडून विचारलं, "शुल्क कोण भरणार, नाव सांगा." चुलत्यांनी नाव सांगितलं. गाडी आली तोवर दोन म्हशी गेल्या होत्या. नंतर मागणीपत्र मात्र वेळेत आलं. उसाचं तर आणखी वेगळं. जळालेल्या उसाच्या पैशातून कारखाना कपात करतो, वर बंबाचा खर्च.

म्हणून धागाकर्त्यांना विचारतो. घटनेपोटी रुपया घेऊ नये म्हणता, ते फक्त हद्दीतल्यांसाठी का? गोव्यात अग्निशमन हे अख्ख्या राज्याचं एकच खातं आहे, पालिकेच्या हद्दीचा प्रश्न येत नाही. आपल्याकडे राज्याचं अग्निशमन संचालनालय आहे, पण बंब ज्याच्या त्याच्या पालिकेचे.

न्यूजर्सीकर

हद्दीच्या वादाचं टोक इकडे अमेरिकेत घडून गेलंय. टेनेसी राज्यात साउथ फुल्टन नावाचं छोटं गाव. गावाबाहेरच्या लोकांनी वर्षाला ७५ डॉलर भरले तरच गावचं दल आग विझवणार असा नियम. २०१० साली एका माणसाने पैसे भरले नव्हते आणि त्याचं घर पेटलं. जवान आले ते पैसे भरलेल्या शेजाऱ्याची हद्द सांभाळायला. घर डोळ्यांसमोर जळून गेलं. तो जागेवर पैसे द्यायला तयार होता, तरी नाही.

रुग्णवाहिकेचं तर नावच नको. ९११ फिरवला की गाडी मिनिटांत दारात, आणि काही आठवड्यांनी शेकडो, कधी हजारावर डॉलरचं बिल. बऱ्याच गावांत हे बिल स्थानिक अग्निशमन दलच पाठवतं. अनपेक्षित बिलांविरुद्धचा केंद्राचा कायदा २०२२ पासून लागू झाला, त्यात हवाई रुग्णवाहिका घेतली आणि रस्त्यावरची वगळली! इथले आपले लोक छातीत दुखलं तर मित्राला म्हणतात, "गाडी काढ." मी स्वतः हे ऐकलंय.

हिशेबनीस

न्यूजर्सीकर, गोष्ट अंगावर येते, पण दुसरी बाजूही बघा. गावाबाहेरचे लोक गावाला कर देत नव्हते. जागेवर पैसे घेऊन विझवायला लागले असते तर दुसऱ्या वर्षापासून कुणीच ७५ डॉलर भरले नसते आणि बंबच राहिला नसता. जवानांनी विझवायला हवं होतं हे मलाही वाटतं. विझवून मग पूर्ण खर्चाचं बिल द्यायचं. माझा मुद्दा हाच तर आहे!

फडातून साहेब, तुमच्या नगरपरिषदेचा राग समजतो, पण शहरवासीयाच्या करावर चालणारी एकुलती गाडी वीस किलोमीटरवर गेली आणि तेवढ्यात गावात आग लागली तर? राज्याने तालुक्याला केंद्र द्यावं, त्याचा खर्च राज्याने करावा. नगरपरिषदेला शिव्या देऊन उपयोग नाही.

उसाच्या_फडातून

शिव्या दिल्या नाहीत. नाव विचारण्याआधी गाडी सोडायला हवी होती एवढंच म्हणालो.

वॉर्डातली

आगीचं मला कळत नाही. रुग्णवाहिकेबाबत मात्र धागाकर्त्यांशी मतभेद आहे. मी रुग्णालयात काम करते.

१०८ चांगली आहे, जीव वाचवते, पण ती तातडीच्या रुग्णासाठी आहे. डिस्चार्ज मिळालेल्या, पाय प्लास्टरमधल्या आजीला घरी सोडायला ती येत नाही. मृतदेह नेत नाही. डायलिसिसला आठवड्यातून तीनदा यायचंय, तेही तिचं काम नाही. गरोदर बायका आणि बाळांसाठी १०२ आहे. बाकीचे सगळे रुग्णालयाच्या फाटकाबाहेर उभ्या असलेल्या खासगी गाड्यांच्या तावडीत. भाव किलोमीटरवर, तोही जाऊन-येऊन दोन्हीकडचा, ऑक्सिजनचे वेगळे, रात्रीचे वेगळे, जिना उतरवायचे वेगळे. दरपत्रक गाडीत लावायचं असतं. मी विचारलं तर एकाने ते सीटखालून काढून दाखवलं. कोविडमध्ये हे इतकं हाताबाहेर गेलं की सप्टेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना वाजवी दर ठरवायला सांगावं लागलं.

महापालिकेच्या स्वतःच्या रुग्णवाहिका असतात, दर खासगीपेक्षा कितीतरी कमी. पण आमच्या शहरात गाडी मिळवायची तर आधी कार्यालयात जाऊन अनामत भरायची, पावती ड्रायव्हरला दाखवायची, मग गाडी हलणार. आणि रविवारी खिडकी बंद. मला मोफत नको. ठरलेला, भिंतीवर रंगवलेला दर घ्या, फोनवर पैसे घ्या, पण गाड्या वाढवा. "मोफत" म्हणून दोनच गाड्या ठेवायच्या आणि बाकीच्यांनी फाटकाबाहेर लुटून घ्यायचं, यात गरिबाचं कुठलं भलं?

गच्चीवरून (धागाकर्ता)

वॉर्डातली ताई, घरी सोडण्याचं भाडं घ्या, माझी ना नाही. मी तातडीच्या प्रसंगाबद्दल बोलत होतो.

फडातून साहेब, नाही, फक्त हद्दीतल्यांसाठी नाही. नगरपरिषदेने बिल शेतकऱ्याला नाही, जिल्हा परिषदेला किंवा राज्याला पाठवावं. संस्थांनी आपसात काय भांडायचं ते भांडावं.

हिशेबनीस, कमला मिलसारख्या प्रकरणात दंड, परवाना रद्द, तुरुंग, सगळं करा, न्यायालयात करा. तो हिशेब बंबाच्या बिलाला जोडू नका, तांडेलकाकांनी कारण सांगितलंच आहे.

काळाकोट

थोडं कायद्याचं. कर आणि शुल्क यांतला फरक सर्वोच्च न्यायालयाने १९५४ च्या शिरूर मठ प्रकरणात मांडला. कर सरसकट खर्चासाठी, शुल्क ठरावीक सेवेच्या मोबदल्यात. मोबदला काटेकोर तोलायची गरज नाही असं पुढच्या निकालांनी म्हटलंय, तरी काहीतरी संबंध लागतोच. त्यामुळे सोसायटीने "भरणार नाही" म्हणण्याऐवजी "या शुल्कात आम्हाला काय मिळणार, लेखी द्या" असं विचारावं. उत्तर द्यायला महापालिकेला जड जाईल.

माजी_तांडेल

मिळण्याचं म्हणाल तर तपासणी मागा. कायद्याने आगीची यंत्रणा चालू ठेवायची जबाबदारी मालकाची आणि भोगवटादाराची. जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक एजन्सीचा फॉर्म बी, म्हणजे यंत्रणा चालू असल्याचा दाखला, द्यायचा. किती सोसायट्यांत एजन्सीचा माणूस खरंच पंप चालवून बघतो? एका इमारतीत फॉर्म बी ताजा होता. होज बॉक्स (आगीच्या पाइपाची पेटी) उघडला तर आत झाडू, फिनेलची बाटली आणि होज. पाइपाच्या तोंडाचं नोझल गायब. धातूचं असतं, भंगारात जातं. नोझल नसलेला पाइप हातात धरून आम्ही काय करणार? दलाचा माणूस वर्षातून एकदा आला आणि प्रत्येक मजल्याचा बॉक्स उघडून गेला, तर त्या शुल्काला मी तरी नाव ठेवणार नाही.

हिशेबनीस

म्हणजे शुल्क हवंच. एवढं लिहायला तीस वर्षांची नोकरी लागली काय काका :)

माजी_तांडेल

शुल्क घ्या म्हणालो. बिल नको म्हणालो. नीट वाचा.

गच्चीवरून (धागाकर्ता)

काळाकोट आणि काकांचं मिळून एक पत्र तयार करतो: शुल्क भरायला तयार आहोत, तपासणीची तारीख कळवा. रविवारच्या सभेत ठेवतो.

लॅचवाली

त्याच सोसायटीत राहते म्हणून सांगते, तारीख मागण्याआधी मागच्या बाजूचा बंबाचा रस्ता मोकळा करा. तिथे चेअरमनची दुसरी गाडी कव्हर घालून उभी आहे.