वर हॉल, खाली पंगत आणि एसी एकच?
वर लग्नाचा हॉल, खाली पंगत, दोन्हीला मिळून एकच डक्टचा (पत्र्याच्या बोगद्यातनं हवा सोडणारा) एसी आणि एकच अँप्लिफायर चालेल का विचारलंय, तर आवाजाचं सोपं हाय की ओ, १०० व्होल्टची लाइन (एकाच तारेवर लांबपर्यंत बरेच स्पीकर जोडायची पद्धत) ओढा, प्रत्येक मजल्याला वेगळा व्हॉल्यूम कंट्रोल, फक्त सगळ्या स्पीकरच्या टॅपचे (प्रत्येक स्पीकर किती वॅट घेणार ते ठरवायची जोडणी) वॅट मिळून अँपच्या वॅटच्या आत ठेवा. वर मंगलाष्टकं आणि खाली सनई पाहिजे असेल तर मात्र दोन चॅनल लागणारच.

एसीचं तसं नाही, साध्या मशीनला एका मजल्याचा डँपर, म्हणजे डक्टमधली हवा अडवायची झडप, बंद केला की हवा कोंडते, कॉइलवर, म्हणजे हवा गार करणाऱ्या नळ्यांवर, बर्फ जमतो. खानापूर रोडला आमच्या पाव्हण्यांच्या कार्यालयात दोन्ही मजल्यांचा एकच थर्मोस्टॅट (गरमी बघून एसी चालू-बंद करणारा) बसवलाय भटारखान्याच्या दाराशी, खाली भज्यांची कढई तापली की वर नवरी शालू गुंडाळून कुडकुडतीया! दोन मशीनच घ्या.