अंब्रेला फॉल ‘नकली’? मग अख्खं भंडारदराच नकली म्हणा!

प्रवराकाठ:
‘साधा प्रवासी’ यांनी काल इथे लिहिलं की भंडारदरा धरणाखालचा अंब्रेला फॉल म्हणजे सरकारने सोडलेला नळ, धरण म्हणजे एक जुनी भिंत, त्यासाठी पुण्याहून कुणी जाऊ नये. रात्रभर डोक्यात घोळत होतं, म्हणून लिहितोय.

नळच आहे तो! लपवलंय कुणी? धरणाच्या मोरीतून, म्हणजे पाणी सोडायच्या दारातून, पाणी सुटलं की खालच्या खडकावर छत्रीसारखं पसरतं. पाणी बंद असताना गेलात तर खडकच दिसणार. आणि ‘जुनी भिंत’? १९१० ला काम सुरू झालं, १९२६ ला पुरं झालं. ८२ मीटर उंच, दगडी. १९६९ मध्ये भिंतीला तडे गेले, गळती लागली, तेव्हा मागून आधारभिंती देऊन ती सावरली. खालच्या बागेत उभं राहून त्या आधारभिंती बघितल्यात का? की नुसते फोटो काढून परत?

साधा प्रवासी:
फोटोच काढले, तेही रांगेत उभं राहून. १५ ऑगस्टच्या सुट्टीत धरणाजवळच्या शेंडी गावाच्या अलीकडेच गाडी अडकली, पोरं रडायला लागली. आधारभिंती बघायला मी काय पाटबंधारे खात्यात आहे? रीलमध्ये धबधबा दाखवतात, मोरी कुणी दाखवत नाही.

प्रवराकाठ:
धरण भरायच्या हंगामातच गेलात आणि वर गर्दीची तक्रार! तुम्हीच ती गर्दी.

राजूरची लेक:
दोघांचं चालू द्या. धरणाला विल्सन डॅम, तलावाला आर्थर लेक, ही साहेबांची नावं सगळ्यांना पाठ. इंग्रजांविरुद्ध बंड करणारे राघोजी भांगरे याच अकोले तालुक्यातल्या देवगावचे, १८४८ ला ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेले, त्यांचं नाव एकाने तरी घेतलं का?

आणि माझी मामी तलावाकाठच्या रतनवाडीकडची. पावसाळ्यात तिकडे छत्री उलटी होते एवढा पाऊस. उन्हाळ्यात तलाव मागे सरकतो आणि मामी हंडा घेऊन चिखल तुडवत खाली उतरते. धरण आमच्या दारात, ऊस मात्र खाली राहाता-श्रीरामपूरला. काजवे बघायला येणारे डोळ्यांवर हेडलाइट मारतात ते वेगळंच.

गोदातीर:
ऊस म्हणालात ताई, म्हणून आलो. प्रवरा नदीवर ११ टीएमसीचं (अब्ज घनफूट) भंडारदरा, खाली ८ टीएमसीचं निळवंडे, दोन्ही भरून घ्यायची, मग उरलं तर खाली गोदावरीवरच्या आमच्या जायकवाडी धरणाला. १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं, असं २०१४ ला ठरलं. तरी दर दुष्काळात मोर्चे, कोर्ट, वीज तोडणं. आमच्या गावात टँकरमागे धावणाऱ्या बायका तुम्हाला दिसत नाहीत.

प्रवराकाठ:
आलं मराठवाड्याचं रडगाणं! राज्यातला पहिला सहकारी साखर कारखाना प्रवरेच्या पाण्यावर उभा राहिला, तेव्हा जायकवाडीची पायाभरणीसुद्धा झाली नव्हती. माझ्या आजोबांनी प्रवरेच्या कालव्यावर पाण्याच्या पाळीसाठी रात्री काढल्यात. आणि सोडलेल्या पाण्यातलं वाटेत नदीच किती पिते, तेही सांगा की.

गोदातीर:
रडगाणं? नदी पिते म्हणे! वाटेतले बंधारे आणि मोटारी पितात ते नदीच्या नावावर टाकता. आजोबांचा हक्क मान्य. नातवाने मग ठिबक लावायला काय हरकत आहे?

राजूरची लेक:
भांडा भांडा. पाणी आमचं, भांडण तुमचं. निळवंड्याच्या कालव्यात पाणी यायला २०२३ उजाडलं, दुष्काळी गावांत दोन पिढ्या वाट बघत गेल्या. त्यांना विचारा हक्क म्हणजे काय.

प्रवराकाठ:
ताई, मामीचा मुद्दा खरा आहे, एवढं कबूल. ठिबकचं मात्र यांच्याकडून ऐकून घेणार नाही. आमच्याकडे लावलंय. अर्ध्या रानात.

गोदातीर:
अर्ध्या! वा, फार उपकार झाले.

साधा प्रवासी:
मी धबधब्याबद्दल बोललो होतो हो. बरं, ऐतिहासिक भिंत आहे, मान्य, हात जोडतो. मोरी कधी उघडतात तेवढं आधी कुठे कळतं, ते सांगा.

राजूरची लेक:
शेंडीत ओळखीच्या कुणाला तरी फोन करायचा. आणि शनिवार-रविवार सोडून या. मंगळवारी या, राजूरचा पेढा तरी निवांत खायला मिळेल.